प्रार्थना कोरडी पडलीये, हा थकवा आहे, दुखापत आहे की फिटनेसच गेलाय?

लांबपल्ला

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहूनच टाकतो. मी ख्रिस्ती विश्वासी आहे आणि धावतोही, दोन्ही बऱ्याच वर्षांपासून. शरीराचं मला आता बऱ्यापैकी कळतं. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जास्त लागली, रोजच्याच स्पीडला धाप लागली, की समजतं आज जोर लावायचा नाही, आणि पोटरी धरली तर ती कालच्या चढामुळे धरलीये की खरंच काही बिघडलंय हेही साधारण सांगता येतं. आत्म्याचं मात्र काहीच कळेनासं झालंय. गेले काही महिने प्रार्थनेला बसतो, शब्द निघतात पण आतून काही हलत नाही. उपासनेत सगळ्यांबरोबर गातो, आधी ज्या ओळीला डोळे भरून यायचे तिथे आता काहीच होत नाही. रविवार चुकत नाही, शास्त्रवाचन चालू आहे, युवा संघाचा धडा दर आठवड्याला मीच घेतो. उघड असं एखादं पाप धरून बसलोय असं पण नाही, स्वतःला तपासून बघितलंय.

बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल गलतीकरांना विचारतो ना, तुम्ही चांगले धावत होता, मग तुम्हाला अडवलं कोणी? तोच प्रश्न मी स्वतःला विचारतोय आणि उत्तर सापडत नाहीये. धावताना दम लागतो त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा, कधी उलटासुद्धा. सराव कमी पडला असेल तर धावायचं, थकवा असेल तर थांबायचं, दुखापत असेल तर आधी ती शोधायची. आत्मिक जीवनात हा फरक तुम्ही कसा ओळखता? ज्यांनी अशा काळातून वाट काढलीये त्यांनी प्लीज लिहा. "अजून प्रार्थना कर" हे खूप जणांनी प्रेमाने सांगितलंय, ते मी करतोय.

संथपावलं

प्रश्न फार नेमका विचारलात, कारण बहुतेक वेळा आपण हे सगळं "थंड पडलो" या एकाच नावाखाली टाकतो आणि सगळ्यांना एकच औषध देतो.

मी नवीन धावपटूंना शिकवते, तर तिथून सांगते. धावणं पूर्ण बंद केलं की साधारण दोन आठवड्यांत दमसास उतरायला लागतो, सुरुवातीला मुख्यतः रक्तातला प्लाझ्मा कमी होतो म्हणून, आणि परत सुरू केलं की हा भाग लवकर भरूनही येतो. याची खूण म्हणजे माणूस ताजातवाना असतो, झोप नीट असते, नुसतं चार पावलं पळालं की धाप लागते. आत्मिक बाबतीत सराव सुटलेला माणूस असाच दिसतो, त्याला त्रास होत नसतो, देवाची आठवणच कमी येत असते आणि त्याचं वाईटही वाटत नसतं. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला हे दिसत नाही. ज्याचं सुटलंय तो असा प्रश्न विचारायला येत नाही.

थकवा वेगळा. त्यात सराव चालू असतो, कधी जरा जास्तच चालू असतो, आणि तरी तीच स्पीड जड जाते, सकाळची नाडी बरेच दिवस चढलेली राहते, झोप लागत नाही, छोट्या गोष्टीवरून चिडचिड होते. धावपटूंची अडचण अशी की टाइम घसरला की ते आणखी पळतात आणि आणखी खाली जातात. प्रार्थना जड झाली की तास वाढवायचा, उपास वाढवायचा, आणखी एक जबाबदारी घ्यायची, हे मी मंडळीत इतक्यांदा बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण ही माणसं मनापासूनची असतात.

आणि दुखापत. दुखापतीची सगळ्यात सोपी ओळख ही की ती एका जागी असते, बोट ठेवून दाखवता येते. थकवा सगळ्या अंगात असतो, दुखापत नडगीच्या त्या एका बिंदूत असते. तर प्रार्थना करताना बघा की सगळंच सपाट आहे, की एखादं नाव, एखादा प्रसंग, एखादा विषय आला की तुम्ही पटकन पुढे सरकता? दुसरी ओळख म्हणजे चाल बदलते. पाऊल दुखतं म्हणून माणूस नकळत वाकडं टाकतो आणि काही आठवड्यांनी गुडघा किंवा कंबर धरते, मग तो कंबरेला शेक देत बसतो. आत्म्याचंही असंच होतं बघा, एका ठिकाणी दुखावलेला माणूस भलत्याच ठिकाणी कडक होतो, मुलांवर ओरडतो, मंडळीतल्या प्रत्येक निर्णयात खोट काढतो. तुमचा कोरडेपणा सगळीकडे पसरलेला आहे की एका जागी आहे, एवढं आधी सांगा.

अजून एक राहिलं, हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि कंडरा खूप मागून येतात, म्हणून नवीन माणसाला जोर भरपूर वाटतो आणि नेमका तेव्हाच तो जखमी होतो. पौलाने त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, जे सांगितलं की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा, ते मला इथे फार पटतं. तुम्ही नवीन नाही, पण युवा संघात तुमच्याकडे जी मुलं येतात त्यांच्यासाठी लक्षात असू द्या.

कृपेची_धाव

मला यात थोडी काळजी वाटते ती मोकळेपणाने मांडतो, राग मानू नका.

धावण्याची भाषा पौलाचीच आहे हे मान्य. करिंथजवळ इस्थमियन खेळ दर दोन वर्षांनी व्हायचे, जिंकणाऱ्याला पाइनच्या डहाळ्यांचा नाहीतर सुकलेल्या सेलेरीच्या पानांचा मुकुट मिळायचा, त्यामुळे पौलाने नाशवंत मुकुट म्हटल्यावर करिंथच्या लोकांना वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. पण हाच पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात लिहितो की हे इच्छा करणाऱ्यावर किंवा धावणाऱ्यावर अवलंबून नाही, दया करणाऱ्या देवावर आहे. आपण धावणारे लोक हे वचन वाचून पटकन पुढे जातो. मनगटावर घड्याळ बांधायची सवय लागली की प्रत्येक गोष्टीचा आकडा हवासा वाटतो, आज किती वेळ प्रार्थना झाली, किती अध्याय झाले, सलग किती दिवस चुकलं नाही, आणि एक दिवस चुकला की वाटतं देव नाराज झाला. आणि शर्यत म्हटलं की शेजारच्याशी तुलना आलीच. करिंथकरांना पौल म्हणतो की सगळे धावतात पण बक्षीस एकालाच मिळतं, हे फक्त जीव ओतून धावा एवढं सांगायला, कारण तीमथ्याला शेवटचं पत्र लिहिताना तोच म्हणतो की नीतिमत्त्वाचा मुकुट मला एकट्यालाच नाही, ख्रिस्ताचं प्रगट होणं ज्यांना प्रिय झालंय त्या सगळ्यांना मिळणार आहे.

आणि येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात, घर सोडून गेलेला मुलगा परत येतो तेव्हा, धावतं कोण? बाप धावतो. मुलगा अजून दूर असताना. भाऊ, तुम्हाला काही वाटत नाहीये याचा अर्थ तुम्ही मागे पडलात असा नाही, तुम्हाला काही वाटो न वाटो तो तुमच्याकडे येतोच आहे. मला वाटतं तुम्ही आधी यात विसावा घ्या, कारण-बिरण नंतर शोधा.

संथपावलं

तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तुम्ही तो मांडलात हे बरं झालं. फक्त एवढंच, नाडी बघणं आणि गुण मिळवणं यात मी फरक करते. आजारी माणूस नाडी दाखवतो तेव्हा तो कोणाचं प्रेम कमवत नसतो, बरं व्हायला काय लागेल ते शोधत असतो. आणि विसाव्यात जा म्हणायला ठीक आहे पण ज्याच्या तळव्यात काच रुतलीये त्याला विसाव्यातही ती टोचतेच, ती काढावी लागते. बापाने मिठी मारल्यावर मुलाची पावलंही बघितली, पायात घालायला जोडे आणायला सांगितले.

फिजिओताई

दादा, मी कामामुळे रोज धावपटू बघते, त्यातून एक गोष्ट सांगते जी वर आली नाही.

काही धावपटू येतात ज्यांचा सराव अगदी शिस्तीतला असतो, झोपही ठीक असते, तरी हाडाला बारीक तडा जातो, सारखे आजारी पडतात, बायकांची पाळी थांबते. कारण निघतं ते खाण्यात. जेवढी शक्ती खर्च होते तेवढी आत जातच नाही, मग शरीर हाडं आणि हार्मोन यांच्यावरचा खर्च कापतं. याला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली यावर एकत्रित निवेदन काढलं, त्याआधी हा प्रश्न मुख्यतः बायकांचाच धरला जायचा. यात फसवी गोष्ट ही की सुरुवातीला काही जण छान धावतात, हलके झालेले असतात, लोक कौतुक करतात, आणि आत हाड पोकळ होत असतं.

तुम्ही लिहिलंय धडा दर आठवड्याला मीच घेतो. त्या "मीच" वर मी थांबले. तुमचं वाचन कोणासाठी होतं? धड्याच्या तयारीसाठी उघडलेलं शास्त्र आणि स्वतः ऐकायला उघडलेलं शास्त्र, पानं तीच असतात पण तयारी करताना प्रत्येक वचन वाचून डोक्यात येतं की हे मुलांना कसं सांगू, आणि ते वचन आपल्यात उतरायच्या आधीच दुसऱ्याच्या वाट्याला जातं. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, गायनवाले, हे लोक याच प्रकारे उपाशी राहतात आणि कोणाला कळत नाही कारण बाहेरून सेवा झकास चाललेली असते.

संदेष्टा एलीयाचं उदाहरण मला यासाठी फार जवळचं आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, मग अहाब राजाच्या रथापुढे धावत तो इज्रेलपर्यंत गेला, आणि दुसऱ्याच अध्यायात रानात झुडपाखाली पडून म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं ते बघा. त्याला झोपू दिलं. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवलं, परत खायला दिलं, आणि म्हटलं की तुझ्या शक्तीबाहेरचा प्रवास आहे. "तू इथे काय करतोयस" हा प्रश्न होरेब डोंगरावर पोचल्यावर आला, म्हणजे खाणं, झोप आणि चाळीस दिवसांची चाल झाल्यावर. आपण मंडळीत हा क्रम बरोबर उलटा करतो, आधी प्रश्न विचारतो आणि जेवलास का हे विचारतच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. फक्त प्रार्थनाच नाही तर आवडत्या कुठल्याच गोष्टीत मन लागत नसेल, धावायलाही नकोसं वाटत असेल, झोप आणि भूक बदलली असेल, जगणं नको वाटत असेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरकडे जा. नैराश्य हा आजार आहे आणि तो विश्वासणाऱ्यालाही होतो. त्याला विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

लांबपल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं.

फिजिओताई, धावायला जातो, त्यात आनंद आहे, जेवण-झोप ठीक, घरात हसतो-बोलतो, त्यामुळे तो आजार नसावा असं वाटतं पण लक्ष ठेवीन. वाचनाचं तुम्ही बरोबर पकडलं. आता आठवून बघतोय तर धड्यासाठी सोडून मी शास्त्र उघडलंच नाहीये कितीतरी दिवस, म्हणजे उघडतो रोज पण हातात पेन असतं.

संथपावलं, कोरडेपणा सगळीकडे पसरलेला आहे, एका जागी नाही. एक नाव आहे ज्याच्यापाशी मी जरा अडखळतो, पण ते जुनं आहे आणि तेव्हा प्रार्थना अशी नव्हती. त्याच्याकडेही बघीन.

कृपेची_धाव, तुमचं वाचून बरं वाटलं, खरंच. आता प्रश्न असा की थकवा धरला तर विश्रांती म्हणजे नक्की काय करायचं? प्रार्थना सोडायची का काही दिवस?

जुनी_पायवाट

नाही, सोडू नका. इथे मला थोडं ठामपणे बोलू द्या, वयाने मोठा असेन.

इग्नेशियस लोयोला हा मूळचा सैनिक, १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत पाय मोडला आणि जन्मभर लंगडत चालला. त्याने जे साधनेचं पुस्तक लिहिलं, ज्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, त्याच्या अगदी पहिल्याच टिपेत तो म्हणतो की फिरणं, चालणं आणि धावणं हे जसे शरीराचे व्यायाम तसेच हे आत्म्याचे. लंगडणाऱ्या माणसाने हे लिहिलंय हे मला नेहमी हलवून जातं. तर त्याच पुस्तकात उदास काळासाठी नियम आहेत आणि त्यातला एक असा की कोरडेपणात असताना जुना ठराव बदलायचा नाही, आधी मन स्वस्थ असताना जे ठरवलं होतं त्यावर टिकायचं. कारण त्या वेळी जो सल्ला मनात येतो तो बहुधा चांगल्या ठिकाणाहून येत नाही. मॅरेथॉनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, ४२ किलोमीटरमधल्या तिसाव्याच्या पुढे, शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आल्यावर मनात जे विचार येतात त्यावर कोणी आयुष्याचे निर्णय घेत नाही.

इग्नेशियसच कोरडेपणाची तीन कारणं सांगतो. एक, आपला हलगर्जीपणा. दोन, सांत्वनाचा मोबदला मिळाला नाही तरी आपण सेवेत किती पुढे जातो याची परीक्षा. तीन, भक्तीचा ओलावा ही आपली कमाई नाही, देणगी आहे, हे आतून कळावं म्हणून. म्हणजे तीनातलं एकच कारण आपल्या चुकीचं आहे. तुमच्यासारखा माणूस पहिलंच धरून स्वतःला झोडत बसतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा संन्यासी होता, त्याने भर दुपारी येणाऱ्या मरगळीचं वर्णन करून ठेवलंय, सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटतो, राहतो ती जागा नकोशी होते, भावांमध्ये प्रेमच उरलं नाही असं वाटायला लागतं. शेवटचं तर फारच खरं आहे, कोरड्या काळात आपल्याला मंडळीच कोरडी वाटते. त्याचा उपाय, खोली सोडू नकोस.

पण खोलीत थांबायचं म्हणजे तिथे वजनं उचलायची असं नाही. आर्थर लिडिअर्ड हा न्यूझीलंडचा कोच, त्याचे खेळाडू १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं घेऊन गेले, स्नेल ८०० मीटरमध्ये आणि हॅलबर्ग ५००० मध्ये. हा माणूस ८०० मीटरवाल्यालाही आठवड्याला साधारण १६० किलोमीटर पळवायचा, त्यातलं बरंचसं दम न लागता, बोलता येईल अशा गतीने. प्रार्थनेची अशी गती ठेवा. जागा आणि वेळ तीच, काम कमी. एक स्तोत्र घ्या, सावकाश मोठ्याने वाचा, पेन दुसऱ्या खोलीत ठेवा. तेरावं घ्या, कोठवर परमेश्वरा म्हणणारं, किंवा अठ्ठ्याऐंशीवं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. तुमचे शब्द आटले असतील तर त्यांचे घ्या. वाचून झालं की थोडं गप्प बसा आणि उठा. काही वाटलं का हे तपासू नका, रोप उपटून मूळ धरलं का बघण्यासारखं आहे ते.

यशयाच्या पुस्तकात धावतील तरी दमणार नाहीत याच्यानंतर चालतील तरी थकणार नाहीत असं येतं. चालणं शेवटी येतं. सध्या तुमचं चालणं आहे आणि परमेश्वराची आशा धरून चाललात तर ते बसतं त्या वचनात.

दोरीसोबती

मी अंध धावपटूंबरोबर गाईड म्हणून धावतो, दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते. नियम असा की गाईडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि शेवटची रेषा धावपटूने आधी ओलांडायची. माझं काम फक्त सांगणं, डावीकडे वळण, पुढे चढ, आता सरळ. तुम्हाला तुमचं स्वतःचं दिसत नाहीये तर असा एक माणूस शोधा, पाळक असो किंवा कोणी मुरलेली बहीण-भाऊ, ज्याला दर पंधरा दिवसांनी भेटून खरं खरं सांगाल आणि जो ओढणार नाही. इब्री लोकांस पत्रात साक्षीदारांच्या मेघाने वेढलेले आहोत असं आहे आणि लगेच पुढे "आपण धावावे" असं अनेकवचन आहे.

एरिक लिडेलचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची पात्रता फेरी रविवारी आली म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्याच्या पुढच्या वीस वर्षांबद्दल जास्त वाटतं. १९२५ मध्ये ऐन भरात असताना तो चीनला मिशनरी म्हणून गेला, शेवटी जपान्यांच्या वेइशियन छावणीत कैदेत होता, तिथे मुलांना शिकवायचा, खेळवायचा, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये छावणीतच मेंदूच्या गाठीने गेला, युद्ध संपायला काही महिनेच उरले होते. त्या वर्षांना प्रेक्षक नव्हते. तुमचा सध्याचा काळ मला त्या बाजूचा वाटतो.

लांबपल्ला

जुनी_पायवाट काका, आज सकाळी तेरावं वाचलं, पेनशिवाय. एवढंच सांगतो, तपासू नका म्हणालात म्हणून.

युवा संघात एक मुलगी आहे, चांगली शिकवते, तिला पुढचे दोन-तीन महिने धडा घे असं विचारणार आहे आणि मी मागे बसून ऐकणार आहे. दोरी धरायला एक जण डोळ्यासमोर आहे, या रविवारी बोलतो. फक्त एक अडतंय, मुलांना कारण सांगायचं का? ती विचारतील. खरं सांगितलं तर त्यांचा विश्वास डळमळेल अशी भीती वाटते, आणि काहीतरी कारण बनवून सांगणं पटत नाही.

फिजिओताई

सांगा दादा, पण सगळं नाही, जेवढं त्यांच्या वयाला पेलेल तेवढं. मी काही काळ शिकवायचं थांबवून शिकायला बसतोय, माझ्यासाठी प्रार्थना करा, एवढं पुरे. ज्या मुलाची स्वतःची प्रार्थना कोरडी पडलीये आणि जो ते कोणाला सांगत नाहीये तो तुमच्याकडे येईल नंतर, त्याच्यासाठी वेळ ठेवा. आणि त्या मुलीलाही सांगा की तयारीचं वाचन वेगळं आणि स्वतःचं वेगळं, पहिल्याच आठवड्यात सांगा.